वाचकांचे प्रश्न : सर्व्हर नवा, क्लायंट जुना

डेटाबेस सर्व्हरची आवृत्ती बदलली की त्याला जोडलेल्या जुन्या क्लायंट सॉफ्टवेअरचे काय होते, या विषयावर नाशिक परिसरातून अलीकडे बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. काही पत्रे लांब होती, ती आशय कायम ठेवून आटोपशीर केली आहेत.

प्रश्न : अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या आमच्या कारखान्यात मालाचा साठा, जॉब कार्ड आणि तपासणीच्या नोंदी पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.६ आवृत्तीवर आहेत. तो सर्व्हर आता १६ वर न्यायचा आहे. शॉप फ्लोअर, स्टोअर आणि डिस्पॅच मिळून वीसेक संगणकांवर जुना ओडीबीसी ड्रायव्हर (प्रोग्रॅमला डेटाबेसशी जोडणारा दुवा) आहे आणि दोन ठिकाणी जावामध्ये लिहिलेला प्रोग्रॅम चालतो. सॉफ्टवेअर पुरवणारे म्हणतात की सगळे संगणक एकाच दिवशी बदलावे लागतील. आमच्या ओळखीचे एक जाणकार म्हणतात की कशालाही हात लावायची गरज नाही. आम्ही कोणाचे ऐकावे?
– संगणक विभाग पाहणारे एक वाचक, अंबड

उत्तर : दोघांचेही अर्धे ऐकावे. ‘जुना क्लायंट नव्या सर्व्हरशी चालेल का’ हा ऐकायला एक प्रश्न वाटला तरी त्याच्या पोटात निदान चार प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे येऊ शकते. दोघांना एकमेकांचे बोलणे कळते का, सर्व्हर ओळख पटवून आत घेतो का, क्लायंट सर्व्हरच्या अंतर्गत तक्त्यांकडे जे मागतो ते तिथे अजून आहे का आणि आलेल्या उत्तराचा अर्थ दोन्हीकडे एकच लावला जातो का, असे ते चार प्रश्न. आपले जाणकार पहिल्या प्रश्नाचे उत्तर देत असावेत आणि पुरवठादार दुसऱ्याच्या भीतीने बोलत असावेत.

पहिल्या बाबतीत पोस्टग्रेसची शिस्त वाखाणण्यासारखी आहे. क्लायंट आणि सर्व्हर ज्या प्रोटोकॉलने बोलतात त्याची तिसरी आवृत्ती २००३ मध्ये पोस्टग्रेस ७.४ बरोबर आली आणि आजही तीच चालू आहे. त्याआधीची दुसरी आवृत्ती सर्व्हरने २०२१ मध्ये, म्हणजे पोस्टग्रेस १४ मध्ये सोडून दिली. तोवर ती वापरणारे फारसे कोणी उरलेही नव्हते. २०२५ मध्ये पोस्टग्रेस १८ ने या प्रोटोकॉलची ३.२ ही उपआवृत्ती आणली, पण क्लायंटने मुद्दाम मागितल्याशिवाय बोलणे ३.० वरच होते. ३.१ हा क्रमांक मधल्या मध्ये का गळला याची हकिकत गमतीची आहे. पीजीबाउन्सर या लोकप्रिय मध्यस्थ सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये दोष होता आणि ‘आम्हांला ३.१ येते’ असे त्या खोटेच सांगत असत. म्हणून तो क्रमांकच वगळावा लागला. सुसंगतता पाळायची तर स्वतःच्या वचनांबरोबर दुसऱ्यांच्या चुकाही सांभाळाव्या लागतात. तेव्हा ९.६ चा क्लायंट १६ च्या सर्व्हरशी बोलू शकेल की नाही, ही चिंता आपण सोडून द्यावी.

खरी अडचण दुसऱ्या टप्प्यावर, ओळख पटवताना येते. पोस्टग्रेस पूर्वी पासवर्ड एमडी५ पद्धतीने साठवत असे. २०१७ मध्ये आवृत्ती १० बरोबर स्क्रॅम-शा-२५६ ही अधिक सुरक्षित पद्धत आली आणि आवृत्ती १४ पासून नवा पासवर्ड मुळातच त्या पद्धतीने साठवला जाऊ लागला. आपल्याकडचा ओडीबीसी ड्रायव्हर आतून लिबपीक्यू ही लायब्ररी वापरत असेल आणि ती १० च्या आधीची असेल, तर तिला स्क्रॅम मुळीच कळत नाही. अशा वेळी ती ‘ऑथेंटिकेशन मेथड १० नॉट सपोर्टेड’ असे सांगून थांबते. या संदेशातील १० म्हणजे पोस्टग्रेसची आवृत्ती नव्हे. तो त्या पद्धतीचा प्रोटोकॉलमधील क्रमांक आहे आणि तो आवृत्तीशी जुळतो हा योगायोग आहे. त्यामुळे अनेकांची दिशाभूल होते.

सर्व्हर बदलला म्हणून जुने पासवर्ड आपोआप नव्या पद्धतीत जात नाहीत, हेही इथे लक्षात ठेवावे. पीजी_अपग्रेडने सर्व्हर पुढे नेला किंवा पीजी_डंपऑलने वापरकर्ते काढून नव्या सर्व्हरवर घातले, तरी प्रत्येकाचा एमडी५ स्वरूपातला पासवर्ड जसाच्या तसा येतो. कोणाची ओळख कशी पटवायची हे ठरवणाऱ्या पीजी_एचबीए या फाइलमध्ये ‘एमडी५’ लिहिलेले असेल तर सर्व्हर समजूतदारपणे वागतो : ज्याचा पासवर्ड एमडी५ स्वरूपात आहे त्याला एमडी५ ने विचारतो, ज्याचा स्क्रॅममध्ये आहे त्याला स्क्रॅमने. म्हणून बदलानंतर सगळे सुरळीत चालते आणि आपल्या जाणकारांचे बोलणे खरे ठरल्यासारखे वाटते. मग एखाद्या दिवशी स्टोअरमधला कर्मचारी बदलतो, त्या खात्याचा पासवर्ड नवा ठेवला जातो, तो स्क्रॅममध्ये साठतो आणि स्टोअरचा संगणक तेवढा बंद पडतो. सर्व्हर बदलून तोवर महिने झालेले असतात, त्यामुळे त्याच्यावर संशयही जात नाही.

याची दुसरी बाजूही आहे. नव्याने बसवलेल्या सर्व्हरच्या पीजी_एचबीए फाइलमध्ये बहुधा थेट ‘स्क्रॅम-शा-२५६’ लिहिलेले असते. तिथे एमडी५ मध्ये साठवलेला कोणताही पासवर्ड, तो कितीही अचूक टाइप केला तरी, चालत नाही. संदेश मात्र ‘पासवर्ड चुकला’ असाच येतो. आपल्याकडे सर्व्हर बदलल्याच्या सकाळी वीसही संगणकांवर पासवर्ड चुकू लागला, तर बोटांना दोष न देता आधी ती फाइल उघडून पाहावी.

जावाच्या दोन प्रोग्रॅमांचा हिशेब वेगळा मांडावा. जावाचा जेडीबीसी ड्रायव्हर लिबपीक्यू वापरत नाही, प्रोटोकॉल स्वतःच बोलतो. त्यात स्क्रॅमची सोय ४२.२.० या २०१८ च्या आवृत्तीपासून आहे. संगणकावरचा ओडीबीसी ड्रायव्हर बदलला म्हणून जावाचा प्रोग्रॅम सुधारत नाही. त्या प्रोग्रॅमसोबत दिलेली जार फाइलच बदलावी लागते.

उरलेल्या दोन प्रश्नांपैकी अंतर्गत तक्त्यांचा प्रश्न मुख्यतः डेटाबेस हाताळण्याच्या साधनांना भेडसावतो, त्याबद्दल पुढे एका उत्तरात येईलच. अर्थ लावण्याचा प्रश्न क्वचित येतो, पण आला तर फसवा असतो, कारण जोडणी होते आणि एररही येत नाही. पोस्टग्रेस ९.० ने २०१० मध्ये बायनरी माहिती बाहेर देण्याचे स्वरूप बदलून हेक्स केले, तेव्हा जुने ड्रायव्हर ती माहिती जुन्याच रीतीने वाचत राहिले आणि साठवलेली छायाचित्रे उघडेनाशी झाली. ‘बायटीए_आउटपुट’ ही सेटिंग पुन्हा ‘एस्केप’वर नेली की ती उघडत. आपण ९.६ वर आहात, म्हणजे तो टप्पा ओलांडलेला आहे. तरीही तपासणी अहवालांबरोबर छायाचित्रे साठवत असाल तर चाचणीत एखादे छायाचित्र उघडून पाहावे, नुसत्या जोडणीवर समाधान मानू नये.

एकाच दिवशी सगळे बदलण्याची गरज नाही, पण क्रम महत्त्वाचा आहे. आजच्या घडीला, सर्व्हर ९.६ वरच असताना, एकेका संगणकावर नवा ओडीबीसी ड्रायव्हर बसवीत जावे. नवा ड्रायव्हर ९.६ शी व्यवस्थित बोलतो. जे संगणक फार जुन्या विंडोजमुळे नवा ड्रायव्हर घेऊच शकत नाहीत त्यांची यादी वेगळी करावी आणि १६ वर गेल्यावर तेवढ्या खात्यांसाठी ‘पासवर्ड_एन्क्रिप्शन’ एमडी५ ठेवून पासवर्ड द्यावा. ही तडजोड तात्पुरतीच ठेवावी, कारण पोस्टग्रेस १८ एमडी५ पासवर्ड ठेवताना ताकीद देऊ लागला आहे आणि ही पद्धत पुढे काढून टाकण्याचे पोस्टग्रेसच्या विकासकांनी जाहीर केले आहे. ९.६ वर आहे तसेच राहावे, असा विचार मनात येत असेल तर त्या आवृत्तीच्या सुरक्षा दुरुस्त्या नोव्हेंबर २०२१ मध्येच थांबल्या आहेत.

प्रश्न : पिंपळगाव बसवंतजवळच्या आमच्या द्राक्ष पॅकहाउसमध्ये पोस्टग्रेसचा सर्व्हर हंगामाआधी नव्या आवृत्तीवर नेला. रोज रात्री दुसऱ्या संगणकावरून बॅकअप घेण्याची व्यवस्था जुनीच होती. परवा पाहिले तर बदलानंतरच्या सगळ्या बॅकअप फाइल शून्य आकाराच्या आहेत. बिलिंग, प्लॉटच्या नोंदी, सगळे नेहमीप्रमाणे चालू आहे. बॅकअपच तेवढा का थांबला?
– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : कारण बॅकअप घेणारे पीजी_डंप हे साधन इतर क्लायंटपेक्षा मुद्दाम अधिक कडक ठेवले आहे. बिलिंगचा प्रोग्रॅम ठरावीक तक्त्यांतून ठरावीक माहिती मागतो. पीजी_डंपला मात्र डेटाबेसमधील प्रत्येक वस्तूची व्याख्या अचूक वाचावी लागते. आपल्यापेक्षा नव्या मुख्य आवृत्तीत कोणत्या नव्या गोष्टी आल्या हे त्याला ठाऊक असणे शक्य नाही. अर्धवट बॅकअप घेऊन तो पूर्ण असल्याचे भासवण्यापेक्षा नकार देणे त्याने पत्करले आहे आणि आमच्या मते ते अगदी योग्य आहे. सर्व्हर नवा दिसला की ‘सर्व्हर व्हर्जन मिसमॅच’ असे सांगून ते थांबते. आपल्या स्क्रिप्टने तो संदेश कुठे लिहून ठेवला नसावा आणि पीजी_डंप अयशस्वी झाल्याची खूणही तपासली नसावी, म्हणून रिकामी फाइल तेवढी तयार होत राहिली.

उपाय सोपा आहे : बॅकअपच्या संगणकावर सर्व्हरच्या आवृत्तीचे किंवा त्याहून नवे पीजी_डंप बसवावे. नवे पीजी_डंप जुन्या सर्व्हरचा बॅकअप खुशाल घेते. आवृत्ती १५ पासूनचे पीजी_डंप ९.२ पर्यंत मागे जाते. किंबहुना सर्व्हर एका आवृत्तीवरून दुसरीवर नेताना जुन्या सर्व्हरचा बॅकअपही नव्याच पीजी_डंपने घ्यावा अशी शिफारस आहे. स्क्रिप्टमध्ये एक ओळ वाढवून, पीजी_डंप यशस्वी झाले तरच जुनी फाइल काढावी, असे करून ठेवावे. आणि हंगामाच्या ऐन गर्दीपूर्वी एकदा तरी तो बॅकअप रिकाम्या सर्व्हरवर रिस्टोअर करून पाहावा.

नव्या पीजी_डंपने काढलेली फाइल जुन्या सर्व्हरवर जाईलच याची मात्र हमी नाही. त्यात नव्या आवृत्तीच्याच आज्ञा असू शकतात. साध्या मजकुराची फाइल असेल तर अडणाऱ्या ओळी हाताने काढता येतात, पण ‘कस्टम’ स्वरूपातली फाइल जुने पीजी_रिस्टोअर उघडायलाच नकार देऊ शकते. म्हणून परत फिरण्याची वाट मोकळी ठेवायची असेल तर जुन्या सर्व्हरची डेटा डिरेक्टरी काही काळ जशीच्या तशी राहू द्यावी.

एक अपवादही सांगितला पाहिजे. एकाच मुख्य आवृत्तीच्या आत, म्हणजे १६.३ आणि १६.९ यांच्यात, सहसा काहीच अडत नाही. परंतु ऑगस्ट २०२५ च्या सुरक्षा दुरुस्तीत (१७.६, १६.१० आणि त्यांच्या बरोबरीच्या आवृत्त्या) पीजी_डंप साध्या मजकुराच्या फाइलमध्ये पोस्टग्रेसला आज्ञा देण्याच्या पीएसक्यूएल या साधनाची ‘रिस्ट्रिक्ट’ ही नवी आज्ञा घालू लागले. ज्या पीएसक्यूएलवर ती दुरुस्ती आलेली नाही त्याला ती आज्ञा कळत नाही. असा संदेश दिसला तर फाइल खराब झाली असे न समजता पीएसक्यूएल अद्ययावत करावे.

नवे साधन जुन्या सर्व्हरशी नेहमीच जुळते असेही नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसच्या ८.० च्या काही आवृत्त्यांमधील मायएसक्यूएलडंप हे बॅकअपचे साधन ५.७ च्या सर्व्हरवर चालवले की ‘कॉलम_स्टॅटिस्टिक्स’ नावाचा तक्ता सापडत नसल्याची तक्रार करून थांबत असे, कारण तो तक्ता ८.० मध्येच पहिल्यांदा आला. ‘कॉलम-स्टॅटिस्टिक्स’ हा पर्याय शून्य केला की काम होते.

प्रश्न : नाशिकरोडच्या आमच्या पतसंस्थेचे सॉफ्टवेअर जुन्या पीएचपीमध्ये लिहिलेले असून ते मायएसक्यूएल ५.७ वर चालते. ८.० वर नेऊन पाहिले तर आधी ‘कॅशिंग_शा२_पासवर्ड’ असा काही संदेश येऊन जोडणीच होईना. ती अडचण कशीबशी दूर केली तर काही सभासदांची मराठी नावे विचित्र चिन्हांत दिसू लागली. नावे कायमची गेली का?
– पतसंस्थेचे एक कर्मचारी, नाशिकरोड

उत्तर : नावे गेलेली नसण्याचीच शक्यता अधिक आहे, मात्र त्या तक्त्यात आणखी काही लिहिण्याआधी हात थांबवावा. दोन्ही अडचणींची मुळे वेगवेगळी आहेत, म्हणून त्या स्वतंत्रपणे घेऊ.

पासवर्डची अडचण मायएसक्यूएलच्या जुन्या वाचकांना ओळखीची वाटेल. आवृत्ती ४.१ ने पासवर्ड साठवण्याची पद्धत बदलली तेव्हाही क्लायंट अद्ययावत करा असा संदेश वर्षानुवर्षे लोकांना छळत होता. २०१८ मध्ये ८.० ने ‘कॅशिंग_शा२_पासवर्ड’ ही पद्धत मूळ ठरवली आणि तोच प्रकार पुन्हा घडला. पीएचपीला ही पद्धत ७.४ पासून नीट येते. ८.० वर आपण त्या खात्याला ‘मायएसक्यूएल_नेटिव्ह_पासवर्ड’ ही जुनी पद्धत लावून वाट काढली असावी. ती वाट फार पुढे जात नाही : २०२४ मध्ये आलेल्या ८.४ मध्ये जुनी पद्धत मुळात बंद असते आणि सेटिंगमधून मुद्दाम सुरू करावी लागते, आणि त्याच वर्षीच्या ९.० मधून ती काढूनच टाकली आहे. ५.७ चा आधार ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला आणि ८.० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतचीच ठरलेली होती. म्हणजे या दोन्ही आवृत्त्यांवर फार काळ विसंबता येणार नाही आणि सॉफ्टवेअरची पीएचपी बाजू सुधारणे हाच खरा मार्ग आहे. त्यातही एक पेच आहे. आपले सॉफ्टवेअर पीएचपी ५ च्या काळातील ‘मायएसक्यूएल_क्वेरी’सारखी फंक्शन वापरत असेल तर ती पीएचपी ७ मधून वगळलेली आहेत. नुसती पीएचपीची आवृत्ती वाढवून चालणार नाही, तेवढे प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागतील. पुरवठादाराशी बोलताना हा खर्च आधीच ठरवून घ्यावा.

नवी पद्धत स्वीकारल्यावर ‘काल चालत होते, आज चालत नाही’ असा अनुभव येऊ शकतो. या पद्धतीत वापरकर्त्याचा पहिला लॉगिन सुरक्षित टीएलएस जोडणीतून किंवा सर्व्हरची सार्वजनिक चावी वापरून व्हावा लागतो. त्यानंतर सर्व्हर त्या खात्याची ओळख आपल्या स्मृतीत धरून ठेवतो आणि पुढचे लॉगिन साध्या जोडणीवरही होतात. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की ही स्मृती रिकामी होते. मग जो क्लायंट टीएलएसही वापरत नाही आणि चावीही मागत नाही, त्याला दार बंद. वीज गेल्यानंतरच्या सकाळी काउंटरवरचे लॉगिन अडले तर कारण इथे शोधावे.

आता मराठी नावांविषयी. देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट घेते आणि मायएसक्यूएलचा जुना, तीन बाइटपुरता ‘यूटीएफ८’ त्यासाठी पुरेसा होता. चार बाइटच्या ‘यूटीएफ८एमबी४’ची गरज मुख्यतः इमोजीसारख्या चिन्हांना लागते. म्हणजे बिघाड यूटीएफ८ मधून यूटीएफ८एमबी४ मध्ये जाताना झालेला नाही. बहुधा असे घडले आहे : ५.७ पर्यंत मायएसक्यूएलची मूळ अक्षरपद्धती ‘लॅटिन१’ होती. आपले तक्ते आणि जोडणी दोन्ही लॅटिन१ म्हणून घोषित होते, सॉफ्टवेअर मात्र त्यात यूटीएफ-८ चे बाइट घालत होते. ठेवताना आणि काढताना एकच गैरसमज असल्याने तो कोणाच्या लक्षात आला नाही. ८.० मध्ये मूळ अक्षरपद्धती यूटीएफ८एमबी४ झाली, जोडणीने ती स्वीकारली, सर्व्हरने लॅटिन१ समजून प्रत्येक बाइटचे प्रामाणिकपणे रूपांतर केले आणि एका अक्षराच्या जागी तीन चिन्हे उमटली.

बाइट अजून शाबूत आहेत याची खात्री करण्यासाठी एका नावाची हेक्स किंमत काढून पाहावी. देवनागरीचे बाइट ‘ई०ए४’ किंवा ‘ई०ए५’ने सुरू होणाऱ्या तिनांच्या गटात दिसतील. तसे दिसले तर त्या स्तंभाचा प्रकार आधी बायनरी करावा आणि मग यूटीएफ८एमबी४ असलेला मजकुराचा प्रकार द्यावा. थेट एका अक्षरपद्धतीतून दुसरीत बदलल्यास चुकीचे रूपांतर कायमचे पक्के होईल. हे सर्व आधी प्रतीवर करावे. काही नावे बरोबर आणि काही बिघडलेली दिसत असतील तर ८.० वर गेल्यानंतर भरलेली नावे वेगळी काढावीत. ती खरी यूटीएफ८एमबी४ मध्ये असू शकतात आणि त्यांना हा उपाय लावला तर तीच बिघडतील.

प्रश्न : आमच्या प्रयोगशाळेतील काही संगणकांवर पीएसक्यूएल ११ आहे आणि सर्व्हर १५ आहे. साध्या क्वेरी चालतात, पण तक्त्याची रचना दाखवणारी आज्ञा दिली की ‘रेलहॅजओआयडीज’ नावाचा स्तंभ नाही असा एरर येतो. असा स्तंभ विद्यार्थ्यांनी तयारच केलेला नाही.
– संगणकशास्त्राच्या एक प्राध्यापिका, गंगापूर रोड

उत्तर : तो स्तंभ विद्यार्थ्यांच्या तक्त्यातला नाही, पोस्टग्रेसच्या स्वतःच्या अंतर्गत तक्त्यातला आहे आणि आवृत्ती १२ मध्ये तो काढून टाकण्यात आला. तक्त्याची रचना दाखवणाऱ्या आज्ञेमागे पीएसक्यूएल स्वतःची एक क्वेरी सर्व्हरकडे पाठवते आणि ११ च्या क्वेरीत त्या स्तंभाचे नाव आहे. डेटाबेसची सुसंगतता वापरकर्त्याच्या क्वेरींसाठी जपली जाते. अंतर्गत तक्त्यांसाठी तसे वचन दिलेले नसते, म्हणून पीएसक्यूएल सर्व्हरच्या बरोबरीची किंवा त्याहून नवी असावी. सगळ्या संगणकांवर नवी पीएसक्यूएल बसवून प्रश्न सुटेल. विद्यार्थ्यांना आवृत्त्यांचे क्रमांक शिकवताना हेही सांगावे की १० च्या आधी पहिले दोन आकडे मिळून मुख्य आवृत्ती होत असे, म्हणजे ९.५ ते ९.६ हा मोठा बदल होता, तर आता १५.३ ते १५.८ हा किरकोळ आहे.

प्रश्न : सातपूरमधील आमच्या कार्यालयात नवीन लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसचा ओडीबीसी ड्रायव्हर १८ बसवला. जुन्या संगणकांवर १७ आहे. तेच पासवर्ड, तोच सर्व्हर, पण नव्या लॅपटॉपवरून प्रमाणपत्रावर विश्वास नसल्याचा संदेश येतो.
– एक वाचक, सातपूर

उत्तर : ड्रायव्हर १८ पासून जोडणी एन्क्रिप्ट करणे हे मूळ वर्तन झाले आहे, १७ मध्ये ते मागावे लागत असे. एन्क्रिप्ट करायचे म्हटले की सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासले जाते आणि सर्व्हरने स्वतःच तयार केलेले प्रमाणपत्र नाकारले जाते. जोडणीच्या मजकुरात ‘ट्रस्ट सर्व्हर सर्टिफिकेट’ लावून वेळ मारून नेता येईल, परंतु त्याने सर्व्हरची खातरजमा होत नाही. संस्थेच्या प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणेकडून प्रमाणपत्र घेऊन ते सर्व्हरवर बसवणे चांगले. सर्व्हर २००८ च्या काळातील असेल तर त्याला टीएलएस १.२ येण्यासाठी दुरुस्ती बसवलेली आहे का, हेही पाहावे.

प्रश्न : सिन्नरच्या आमच्या कारखान्यात ऑरॅकल ११.२ आहे आणि ते १९ वर न्यायचे ठरले आहे. क्लायंट आधी बदलावा की सर्व्हर? आणि कोणत्या संगणकावर कोणता क्लायंट आहे हे प्रत्येक टेबलापाशी न जाता कळेल का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : क्लायंट आधी बदलावा, पण अगदी नवा क्लायंट घेऊ नये. ऑरॅकलचा क्लायंट ठरावीक अंतरापर्यंतच मागे पाहतो. १९ चा क्लायंट ११.२ आणि त्यापुढच्या सर्व्हरशी जोडला जातो, २१ चा क्लायंट १२.१ च्या मागे जात नाही आणि २३ चा क्लायंट १९ च्या मागे जात नाही. आपल्या प्रवासात दोन्ही टोकांना चालणारा १९ चा क्लायंट आहे, म्हणून तोच सर्वत्र बसवावा आणि नंतर सर्व्हर हलवावा. थेट २३ चा क्लायंट आणला तर आजच्या सर्व्हरपाशीच काम अडेल.

सर्व्हर १९ वर गेल्यानंतर कुठे फार जुना क्लायंट राहून गेला असेल तर ‘ओआरए-२८०४०’ हा एरर येईल. म्हणजे सर्व्हर ज्या किमान पद्धतीवर अडून आहे ती त्या क्लायंटला येत नाही. एसक्यूएलनेट फाइलमधील परवानगीची पातळी खाली आणून त्याला आत घेता येते, पण मग तेवढी ढिलाई सगळ्यांसाठीच होते. ‘ओआरए-०१०१७’, म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकीचा, असा एरर जुन्या खात्यांवर आला आणि पासवर्ड तर बरोबर आहे, तर त्या खात्याचा पासवर्ड केवळ ऑरॅकल १०जी च्या जुन्या स्वरूपात साठवलेला असण्याची शक्यता आहे. तो नव्याने ठेवला की खाते चालू होते. सर्व्हर हलवण्याआधीच अशी खाती शोधून पासवर्ड बदलून घ्यावेत.

टेबलाटेबलापाशी जाण्याची गरज नाही. ऑरॅकलमध्ये ‘व्ही-डॉलर-सेशन-कनेक्ट-इन्फो’ या दृश्यात प्रत्येक जोडणीमागील क्लायंटची आवृत्ती दिसते. मायएसक्यूएल परफॉर्मन्स स्कीमामधील ‘सेशन_कनेक्ट_अ‍ॅट्र्स’ या तक्त्यात ती दाखवतो. पोस्टग्रेसमध्ये ही सोय नाही. तिथे ‘पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी’मध्ये पत्ता आणि अ‍ॅप्लिकेशनने सांगितलेले नाव एवढेच मिळते, म्हणून अंबडच्या वाचकांना मात्र फेरी मारावी लागेल. ऑरॅकलमधील ही पाहणी एकदाच करू नये. महिनाअखेरीला एकदाच चालणारा हजेरीचा किंवा जीएसटीचा प्रोग्रॅम ऐन आठवड्यात जोडलेला नसतो, म्हणून निदान एक महिनाअखेर ओलांडेपर्यंत या नोंदी ठरावीक वेळाने गोळा करून ठेवाव्यात आणि मगच सर्व्हर बदलण्याची तारीख ठरवावी.